शब्दवेध : निळा डोंगर, तांबडी रांग

स्कॉटलंडमधल्या ‘बेन नेव्हिस’ या १३४५ मीटर उंच शिखरातला ‘बेन’ कुणी माणूस नव्हे. गेलिक भाषेत ‘बेन’ म्हणजे डोंगर. पण या भाषेचं डोंगराच्या एकाच नावावर भागत नाही. खडकाळ, टोकदार शिखर असेल तर ‘स्गूर’, गोलसर, बोडका डोंगर असेल तर ‘म्याउल’, दगडांची रास दिसत असेल तर ‘कार्न’. ओढ्याला म्हणतात ‘आल्ट’. बेन नेव्हिसच्या उत्तर कड्याखालून वाहणाऱ्या ‘आल्ट अ व्हुलिन’चा अर्थ गिरणीचा ओढा.

खरी गंमत रंगांची आहे. ‘केर्नगॉर्म’ म्हणजे निळा कार्न. पण गेलिकमधला ‘गॉर्म’ हा शब्द गवताच्या हिरव्या रंगालाही चालतो. इंग्रजीने या एका डोंगराचं नाव सबंध रांगेला देऊन टाकलं. त्या रांगेचं मूळ गेलिक नाव मात्र ‘मोनाग रुअग’, म्हणजे तांबूस डोंगराळ मुलूख. तिथला ग्रॅनाइट गुलाबीसर आहे. स्पे नदीच्या पलीकडची रांग ती ‘मोनाग लिआ’, म्हणजे करडी. दोन शेजारणींची ओळख रंगावरून पटवायची ही सरळ रीत. इंग्रजी नकाशावर मात्र तांबड्या रांगेला निळ्याचं नाव चिकटलं, ते कायमचं.

तेव्हा स्कॉटलंडच्या डोंगरांत भटकायला जाणार असाल, तर हे पाच-सहा गेलिक शब्द पाठ करून जा. नावात ‘स्गूर’ दिसलं, की हातापायांनी चढायची तयारी ठेवा.