न दिसणारा दोरा

शिवणकामाच्या दीर्घ इतिहासात दोरा दिसण्याची लाज कोणाला फारशी वाटली नाही. आपल्या गोधडीवर धावदोऱ्याच्या रांगा पाण्यावरील लाटांप्रमाणे एकीमागून एक उमटतात, आणि टाका कोणाच्या हातचा हे जाणत्या बाईला त्या रांगांवरून ओळखता येते. रफूगाराने वस्त्रातलाच धागा काढून त्याच वस्त्राचे भोक बुजवावे, हा एक जुना अपवाद. टाका घट्ट बसावा, पण दोरा मात्र दृष्टीस पडू नये, ही यंत्रावर शिवणाऱ्यांची मागणी अगदी अलीकडची आहे.

चेन्नईत आज रजया शिवणाऱ्या हौशी व व्यावसायिक स्त्रियांचा चांगला समुदाय आहे. २०१९ च्या जानेवारीत तेथे इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल या नावाने एक उत्सवही भरला होता. या कामासाठी लाँगआर्म नावाचे एक यंत्र असते. वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे अस्तर असे तीन थर रुळांवर ताणून बसवतात आणि मुठी धरून यंत्रच त्यांवरून फिरवतात. घरच्या यंत्रात कापड सरकते, येथे यंत्र सरकते. अशा यंत्रात पारदर्शक नायलॉनचा दोरा ओवला की तक्रारींना आरंभ होतो. दोरा तुटतो, टाके गळतात, खालच्या बाजूस वेटोळी पडतात, कापड चुरमुरते. मग ‘टेन्शन’चा स्क्रू फिरवला जातो, आणि पुन्हा फिरवला जातो. सरकारी कचेरीत चूक कोठेही झालेली असो, शेरा शेवटच्या कारकुनावर पडतो. त्या स्क्रूची अवस्था काहीशी तशीच आहे.

हा प्रश्न चेन्नईत उपस्थित व्हावा यात औचित्य आहे, कारण हे शहर कापडासाठीच वसले. १६३९ मध्ये इंग्रजांनी येथील किनाऱ्यावर जागा मिळवली ती मुख्यतः रंगीत सुती मालाच्या व्यापारासाठी. १७३४ मध्ये गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिट याच्या कारकिर्दीत कूवम नदीच्या वळणात विणकर, सूतकताई करणारे आणि रंगारी यांची वस्ती बसवण्यात आली. लहान मागांचे गाव, ‘चिन्न तरी पेट्टै’, म्हणून ती चिंताद्रिपेट. कापड धुऊन पांढरे करणाऱ्यांची वॉशरमनपेट आजही त्याच नावाने ओळखली जाते. या किनाऱ्यावरचे चीट युरोपात ‘चिंट्झ’ झाले आणि आपला पलंगपोस ‘पॅलम्पोर’ झाला. तेथील स्त्रियांना त्याचा असा काही ध्यास लागला, की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०१ व पुन्हा १७२१ मध्ये आपापल्या विणकरांच्या रक्षणासाठी या कापडावर निर्बंध घातले. निर्बंधांना न जुमानता ते पलंगांवर पसरले जात होते, आत कापूस भरून त्याच्या रजयाही शिवल्या जात होत्या. आता, ज्या चित्रात लाल फूल, निळे पान आणि पिवळा पक्षी शेजारी शेजारी आहेत, त्यावरून टाका न्यायचा तर दोरा कोणत्या रंगाचा घ्यावा? आजची कारागीर पारदर्शक दोऱ्याकडे वळते ती याच अडचणीपायी. चित्र झाकले जाऊ नये, ही तिची इच्छा रास्त आहे.

परंतु हाताच्या शिवणीत दोरा एकच असतो आणि त्याचा ताण बोटे ठरवतात. १८४६ मध्ये अमेरिकेत एलायस हाऊ याने ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात दोरे दोन झाले. टोकाशी नेढे असलेली सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, सुई किंचित वर येताच तेथे एक फास फुगतो, त्यातून खालचा दोरा जातो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. दोघांची ओढ समतोल हवी. यंत्रांविषयी एरवी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली ज्या यंत्राला अपवाद म्हणून गौरवले ते हेच. त्याचे सारे मर्म या ओढाताणीत आहे.

आणि ते मर्म कापसाच्या दोऱ्यावर बेतलेले आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडला रेशीम दुर्मीळ झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेझली गावी शिवणीचा बळकट सुती दोरा तयार होऊ लागला. पुढे यंत्राला सोसेल असा सहा पदरी दोरा १८६०च्या दशकात बाजारात आला. (पेझलीच्याच कोट्स कंपनीचा संबंध पुढे मदुराईच्या हार्वे बंधूंच्या गिरण्यांशी जुळला आणि तमिळनाडूचे सूत घरोघरीच्या रिळांवर गेले.) सुती दोऱ्याला पीळ असतो, अंगावर बारीक लव असते. तो कापडाला धरतो, चकत्यांमध्ये थांबतो, ओढल्यास फारसा ताणत नाही. यंत्राच्या चकत्या, आकडी, स्प्रिंग हे सारे या स्वभावाशी जुळवून घडले.

नायलॉनचा जन्म १९३५ मधला, अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेतला. म्हणजे यंत्र जुने होऊन जवळजवळ नव्वद वर्षे झाल्यावर हा पाहुणा आला. मुंबईत गोरेगावच्या निरलॉनच्या कारखान्यातून १९६०च्या दशकात नायलॉनचे सूत निघू लागले. पण ते अनेक तंतूंचे. आपला पारदर्शक दोरा मात्र एकच अखंड तंतू असतो, मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा जाड. कासिमेडूच्या बंदरावरील मासेमाराच्या गळाची दोरी याच कुळातली. तिला लव नाही, पीळ नाही, ती ताणते आणि सोडताच आखडते, आणि रिळावरचे वळण विसरत नाही.

एवढे ध्यानात घेतले की तक्रारींचा उलगडा होऊ लागतो. दोरा रिळावरून आपोआप सुटून बुंध्याशी गुंडाळला जातो आणि हिसका बसून तुटतो. म्हणून रिळावर जाळीची पिशवी चढवावी. सुईच्या नेढ्यात सूक्ष्म खरवड असेल तर सुताला ती जाणवणार नाही, नायलॉन मात्र कापला जातो. म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वी सुई बदलावी. टाके गळतात, कारण गुळगुळीत दोरा कापडाला न धरता सुईबरोबर परत वर सरकतो आणि आकडीला पुरेसा फास मिळत नाही; वेग कमी केल्याने येथे बराच गुण येतो. वेग वाढला की सुई तापते, आणि उष्णतेने नायलॉन दुबळा होतो, हेही कारण आहेच. कापड चुरमुरते ते मात्र खरोखर ताणामुळे. शिवताना लांबलेला दोरा नंतर आखडतो आणि तीन थरांना आपल्याबरोबर ओढतो. वरचा ताण सुतापेक्षा पुष्कळ सैल ठेवावा, इतका की प्रथम चूकच वाटावी. खाली वेटोळी दिसली, तर दोरा दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसला आहे की नुसता वरून गेला आहे हे आधी पाहावे. निसटण्यात तो पटाईत आहे.

चेन्नईच्या हवेचाही यात वाटा आहे. नायलॉन साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा घेते, दमट हवेत अधिक. आणि ओलावलेले नायलॉन जास्त ताणते. मे महिन्यात वातानुकूलित खोलीत जुळवलेला ताण ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खिडकी उघडी असताना जुळेलच असे नाही. दर वेळी त्याच कापडाच्या तीन थरांच्या तुकड्यावर टाका घालून पाहणे हाच उपाय.

बॉबिनमध्ये नायलॉन भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ताणून गुंडाळलेला तो दोरा आत आखडत राहतो आणि प्लॅस्टिकच्या बॉबिनला वाकवूही शकतो. खाली बारीक सुती दोरा अस्तराच्या रंगाचा घ्यावा. बॉबिनची डबी दोऱ्याला धरून लोंबकळवली आणि हलका हिसका दिला असता ती थोडीशी उतरून थांबली, तर खालचा ताण ठीक समजावा. मग वरचा स्क्रू फिरवावा, एका वेळी पाव फेरा.