डिजी यात्रा
डिजी यात्रा ही भारतातील विमानतळांवर प्रवाशाची ओळख चेहऱ्यावरून पटवणारी प्रणाली आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे तिचा आरंभ झाला. २०२३ मध्ये ती पुणे आणि मुंबई विमानतळांवरही आली.

प्रवासी मोबाइल अ‍ॅपमध्ये आधारच्या साहाय्याने नोंदणी करून स्वतःचे छायाचित्र जोडतो. प्रवेशद्वारावरील कॅमेरा त्याच्याशी चेहरा ताडून पाहतो. त्यामुळे ओळखपत्र व तिकीट पुन्हा पुन्हा दाखवावे लागत नाही. अंगझडती मात्र टळत नाही.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाला दिलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. ती खरोखर पुसली गेली की नाही, हे पडताळण्याचे साधन सामान्य प्रवाशाजवळ नाही. प्रणाली चालवणाऱ्या डिजी यात्रा फाउंडेशनमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्केच असून उर्वरित वाटा विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. डिजी यात्रेची नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि प्रवेशद्वारावरच, पुरेशी कल्पना न देता नोंदणी करून घेतल्याच्या तक्रारी प्रवाशांनी केल्या आहेत. विमान गाठण्याच्या घाईत दिलेली संमती कितपत मोकळेपणाची, हा वादाचा खरा मुद्दा आहे. नोंदणी न करणाऱ्यांसाठी ओळखपत्र तपासणीची जुनी रांग कायम आहे.