जुन्या पत्त्यावरचा घाव

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत खनिज काढून झाले की रिकामी पोकळी वाळूने भरतात किंवा ती जागा दुसऱ्या कामाला लावतात. प्रत्येक बदल नकाशावर नोंदवावा लागतो. समजा, एखाद्याने जुना नकाशा पाहून सुरुंगासाठी भोक पाडायला घेतले, तर काय होईल? भोक ठरल्या जागीच पडेल, पण तेथे आता भलतेच काही असेल. २००८ साली लिनक्स या संगणक प्रणालीत नेमके असेच घडले.

कोणत्याही संगणक प्रणालीचा एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. स्मृतीतील जागा कोणाला द्यायची आणि यंत्राच्या भागांकडून कामे कशी करून घ्यायची, हे गाभा ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला सुरुवात केली. पुढे जगभरचे हजारो लोक त्यात भर घालू लागले. नवी आवृत्ती पक्की होण्यापूर्वी तिची कच्ची रूपे चाचणीसाठी खुली केली जातात.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये २.६.२७ या आवृत्तीची कच्ची रूपे वापरणाऱ्यांकडून विचित्र तक्रारी आल्या. संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यातील इंटेल कंपनीचे नेटवर्क कार्ड मृतवत होई. कार्डाचा स्वतःचा क्रमांक आणि मांडणी जेथे साठवलेली असते, ती कायमस्वरूपी स्मृतीच बिघडलेली आढळे. जुना गाभा परत घातला तरी कार्ड सुधारत नसे. साध्या बिघाडात संगणक बंद करून चालू केला की भागते. येथे यंत्रालाच इजा होत होती.

पहिला संशय साहजिकच त्या कार्डाच्या चालक-आज्ञावलीवर आला. काही ठिकाणी आधी पडद्यावरील चित्रांची यंत्रणा कोलमडली होती, म्हणून दुसरा संशय तिच्यावर गेला.

अशा वेळी शोधाची एक सोपी रीत असते. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यातील बदलांचे दोन भाग करायचे व मधली आवृत्ती तपासायची. दोष ज्या अर्ध्यात असेल, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. आठ हजार बदल असले तरी तेरा चाचण्यांत दोषी बदल सापडतो. मनात धरलेली संख्या ओळखण्याचा वर्गातला खेळ तो हाच. अडचण एवढीच, की येथे प्रत्येक चाचणीत एक कार्ड मरण्याची भीती होती.

अखेर माग लागला तो स्टीव्हन रोस्टेट यांच्या एफट्रेस या साधनापर्यंत. गाभ्यात कोणते काम केव्हा चालते, हे पाहण्याचे, म्हणजे दोष शोधण्याचेच ते साधन! गाभ्यातील आज्ञांच्या जागांचे पत्ते ते यादीत टिपून ठेवी आणि थोड्या वेळाने त्या पत्त्यांवर जाऊन बदल करी. पण काही आज्ञा फक्त सुरुवातीला लागतात. काम झाल्यावर त्यांची जागा मोकळी केली जाते. ती जागा पुढे नेटवर्क कार्डाच्या वाट्याला आली. यादीत मात्र जुनाच पत्ता राहिला.

एफट्रेस अगदी निष्काळजी नव्हते. ‘अपेक्षित आज्ञा तेथे असेल तरच बदल’ अशी अट त्यात होती. मग घात कसा झाला? ही तुलना करणारी प्रोसेसरची सूचना अट जुळली नाही, तरी वाचलेलेच मूल्य पुन्हा लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काहीच बिघडत नाही. कार्डाच्या पत्त्यावर मात्र लिहिणे म्हणजे कार्डाला हुकूम देणे!

ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. तिच्यात एफट्रेसचा हा भाग बंद ठेवला होता. कार्डाची स्मृती सहज लिहिता येऊ नये, म्हणून तिला कुलूपही घालण्यात आले. नंतर एफट्रेसची ही रीत बदलली: आधी नुसते वाचायचे, जुळले तरच लिहायचे, न जुळल्यास इशारा देऊन थांबायचे.

घाव दिसला कार्डावर, पण मूळ होते दुसरीकडेच, बदललेल्या जागेच्या न बदललेल्या नोंदीत. नुसत्या कार्डाकडे पाहत राहिलो असतो, तर ते कधीच सापडले नसते.