पाण्याचा शिधा : लातूर, २०१६

मावल्याचा तलाव आदिलाबाद शहराला अगदी लागून आहे. वैशाखात त्याचे पाणी काठापासून मागे सरू लागले, की आमच्या शिक्षकवर्गात पाण्याचा विषय निघतो आणि बोलता बोलता तो लातूरवर येऊन ठेपतो. हे काही अकारण नव्हे. १९५६ पर्यंत लातूर आणि आदिलाबाद ही एकाच हैदराबाद राज्यातील गावे होती. लातूरजवळून वाहणारी मांजरा पुढे बासरच्या वरच्या अंगास गोदावरीला मिळते आणि ते बासर २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात मोडत असे. तेव्हा लातूरची तहान ही आम्हांस परक्या मुलखातील वार्ता वाटली नाही.

२०१६ च्या त्या उन्हाळ्याची एकच आठवण लोकांच्या मनात उरली आहे, ती रेल्वेगाडीची. आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात ‘रेल्वेने लातूर वाचविले’ असे सरळ लिहून टाकले होते. आम्ही त्याला गुण दिले, परंतु समासात एक भागाकारही करावयास सांगितला. त्या भागाकाराकडे आपण पुढे वळूच. तत्पूर्वी त्या गाडीच्या मार्गाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १९११ मध्ये तिचे एक टोक लातूरला पोहोचले आणि १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या चिमुकल्या गाडीचा वाटा मोठा. कापूस आणि धान्य बाहेर नेण्यासाठी टाकलेला हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला आणि पुढे थोड्याच वर्षांत त्याच मार्गाने मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी आले. इतिहासाचे असे वळण कोणा योजकाच्या स्वप्नातही आले नसेल.

आता टंचाईकडे वळू. लातूर शहर मांजरा नदीवरील धनेगावच्या धरणाचे पाणी पिते. लागोपाठच्या अवर्षणाने ते धरण कोरडे पडले आणि उन्हाळा लागता लागता नळ बंद झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ३ लाख ८३ हजारांच्या आसपास. एवढ्या लोकांना टँकरने पाणी पुरविणे हेच महापालिकेचे मुख्य काम होऊन बसले. डोंगरगाव, माकणी अशा ठिकाणांहून टँकर भरून येत आणि प्रभागाची पाळी आठ-दहा दिवसांनी आली, तर घरटी सुमारे २०० लिटर पाणी मिळे. पाच माणसांच्या घरात एवढ्यावर आठवडा काढावयाचा, म्हणजे माणशी दिवसाला सहा लिटरही पुरते पडत नाहीत. शहरातील माणसास दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे आपल्या देशातील नियोजनाचे मान आहे.

मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी पाणी साठविण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागा यांच्याभोवती कलम १४४ लागू केले. पाचांहून अधिक माणसांनी तेथे जमू नये, असा तो हुकूम होता. दंग्याधोप्यासाठी केलेले हे कलम पाण्याच्या टाकीभोवती लावावे लागले, यातच त्या वेळच्या कारभाराची सारी अडचण दिसून येते. दुष्काळाच्या व्यवस्थेचे आपले सारे ज्ञान १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सिद्ध झालेल्या संहितांतून आले आहे. त्या संहिता मुख्यतः खेड्यासाठी होत्या. खडी फोडण्याचे काम, मजुरी, जनावरांचा चारा, तगाई यांचा त्यांत बारीक विचार आहे. तीन-चार लाखांच्या शहराचे नळ एके दिवशी बंद पडले, तर कोणाला किती व कोणत्या क्रमाने पाणी द्यावे, याचा विचार त्या काळी कोणी करावा, अशी अपेक्षाही नव्हती. लातूरच्या अधिकाऱ्यांपाशी होती ती खेड्याचीच हत्यारे: टँकर आणि विहिरींचे अधिग्रहण. त्यांनी ती शहरावर चालविली, आणि आमच्या मते बऱ्याच निष्ठेने चालविली.

मग गाडी आली. कोटा येथील कारखान्यात वाघिणी वाफेने धुऊन मिरजेस आणल्या गेल्या. ११ एप्रिलला कृष्णेचे पाणी भरून दहा वाघिणींची पहिली ‘जलदूत’ निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर चालून १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. तीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, तिचे पाणी २५ लाख लिटर. स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत ते उतरवीत, तेथून शुद्धीकरणास नेत आणि मग पुन्हा टँकर. पावसाळा सुरू होऊनही या फेऱ्या काही काळ चालू राहिल्या.

आता तो भागाकार. पहिल्या गाडीचे पाणी शहरात सारखे वाटले, तर माणशी १.३ लिटर येते. मोठ्या गाडीचे साडेसहा लिटर. विद्यार्थ्याने उत्तर काढले आणि तो गप्प बसला. गाडीने धीर दिला, हे खरे. पोहऱ्याच्या तळाशी चार थेंब उरले असताना साडेसहा लिटर म्हणजे थोडे नव्हे, हेही खरे. तथापि गाडीचे पाणीदेखील शेवटी टँकरच्या रांगेतूनच घरी पोहोचले. रांगेत कोणाचा हंडा आधी भरला जावा, ज्या घरी घागर धरावयास माणूस नाही त्याचे काय करावे, हे प्रश्न वाघिणींनी सोडविले नाहीत. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी खाजगी टँकर विकत घेतले किंवा विंधनविहीर शेकडो फूट खाली नेली. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलावर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ मध्येच केला होता; तरीही हे घडले, आणि मांजरेच्या खोऱ्यात ऊसही उभा होताच.

तुलनेसाठी केपटाउन पाहावे. तेथील धरणे आटत असता फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर अशी मर्यादा घातली गेली आणि जास्त वापरणाऱ्यास जबर दर लावला. तेथे नळ चालू असतानाच शिधा लागू झाला. लातुरात नळ बंद पडल्यावर तो लागू झाला. चेन्नईला २०१९ च्या जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची गाडी गेली, ती लातूरच्याच वळणाची.

त्या वर्षी पाऊस मात्र उदंड झाला. धनेगावचे धरण भरले, त्याचे दरवाजे उघडावे लागले आणि मांजरेचे पाणी बासरच्या दिशेने वाहू लागले. त्याच ऑक्टोबरच्या ११ तारखेस आमच्या जिल्ह्याचे विभाजन होऊन बासर निर्मलकडे गेले.