दोन दुकानं, एक पाटी

गावात दोनच दुकानं असावीत आणि त्या दोघांनी मिळून एकच पाटी लावायचं ठरवावं, तर गिऱ्हाइकानं काय करावं? २००७ साली अमेरिकेत हा प्रश्न उभा राहिला, तो नभोवाणीच्या बाबतीत.

उपग्रहावरून नभोवाणी चालवण्याचे दोन परवाने तिथल्या संघीय दळणवळण आयोगानं १९९७ साली दिले. दोघांत चढाओढ राहावी म्हणून एकानं दुसऱ्याचा ताबा घेऊ नये, असा दंडकही घातला. 'एक्सएम' २००१ साली सुरू झाली, 'सिरियस' २००२ साली. महिना १२.९५ डॉलर वर्गणी. ग्राहक लाखांनी मिळाले, पण उपग्रह, मोटार कंपन्यांशी करार आणि कलावंतांचं मानधन यांत पैसा वाहून गेला. हॉवर्ड स्टर्न या एकट्या निवेदकासाठी सिरियसनं पाच वर्षांचा, सुमारे ५० कोटी डॉलरांचा करार केला.

१९ फेब्रुवारी २००७ रोजी दोघांनी विलीनीकरण जाहीर केलं. आमची स्पर्धा साध्या रेडिओशी, आयपॉडशी, इंटरनेटशी आहे, असं त्यांचं म्हणणं. साध्या रेडिओवाल्यांच्या संघटनेनं 'ही मक्तेदारी' म्हणून ओरड केली. आता, स्पर्धाच नव्हती तर त्यांनी एवढं घाबरावं कशाला? पण ओसाड रस्त्यावर, जिथं दुसरं केंद्र लागत नाही, तिथल्या मोटारवाल्याला खरोखरच दुसरा पर्याय उरणार नव्हता, हेही खरं.

मार्च २००८ मध्ये न्यायखात्यानं हरकत घेतली नाही. जुलैत आयोगानं तीन विरुद्ध दोन मतांनी संमती दिली. अट अशी की, तीन वर्षं मूळ वर्गणी वाढवायची नाही.

पुढं काय झालं? २००९ च्या आरंभी नवी कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, 'लिबर्टी मीडिया'च्या ५३ कोटी डॉलरांच्या कर्जानं वाचली. म्हणजे पैशाची नड खोटी नव्हती. अटीची मुदत २०११ साली संपली आणि १ जानेवारी २०१२ पासून वर्गणी १४.४९ डॉलर झाली. म्हणजे भीतीही खोटी नव्हती.

खरी मेख निराळीच होती. एका कंपनीचा संच दुसरीचे कार्यक्रम पकडीत नसे. मोटारीबरोबर जो संच आला, त्याच्याशीच ग्राहक बांधला जाई. न्यायखात्याच्या निर्णयामागं हेही एक कारण होतं. वास्तविक दोन्हींना चालेल असा संच तयार करावा, असं आयोगानं आधीच बजावलं होतं. विलीनीकरणापर्यंत तो बाजारात आलाच नाही. तो वेळीच आला असता, तर गिऱ्हाइकाला या दुकानातून त्या दुकानात जाता आलं असतं. तेव्हा चढाओढ टिकवायची, तर परवाने दोन देऊन भागत नाही. गिऱ्हाइकाची वाटही मोकळी ठेवावी लागते.