त्रेंचीन

त्रेंचीन : पश्चिम स्लोव्हाकियातील इतिहासप्रसिद्ध शहर. लोकसंख्या सुमारे 58,000 (2001). ते ब्रातिस्लाव्हाच्या ईशान्येस सुमारे 125 किमी.वर वाह नदीकाठी, चेक सरहद्दीजवळ वसले आहे. रोमन काळातील नाव लाउगारिकिओ.

किल्ल्याच्या कड्यावर कोरलेला लॅटिन शिलालेख हे या गावाचे सर्वांत मोलाचे धन होय. मार्कोमान्नी युद्धांच्या (166–180) अखेरीस, 179–180 च्या हिवाळ्यात, तो कोरला गेला. साम्राज्याची सरहद्द डॅन्यूब नदी. तिच्या पुष्कळ उत्तरेला, क्वादी या जर्मानिक टोळीच्या ऐन मुलखात रोमन फौज मुक्कामाला होती. रोमन सम्राट मार्कस ऑरीलियसने क्वादी व मार्कोमान्नी या टोळ्यांच्या प्रदेशांत प्रत्येकी 20,000 सैनिक ठेवले होते, असे इतिहासकार डिओ कॅसिअस सांगतो. या ठाण्यांत स्नानगृहेसुद्धा होती. जाच असह्य होऊन क्वादींनी सेम्नोनेस टोळीकडे निघून जायचे ठरवले, तेव्हा सम्राटाने त्यांच्या वाटा अडवल्या.

लेख सम्राटांच्या विजयास अर्पण केलेला आहे. ‘सम्राट’ हे अनेकवचन मार्कस व त्याचा सहसम्राट झालेला मुलगा कॉमोडस या दोघांसाठी. गावाचे नाव एका ओळीत मावले नाही, म्हणून ‘लाउ’ वरच्या ओळीत आणि उरलेली अक्षरे खालच्या ओळीत आली आहेत. त्याखाली दुसऱ्या लीजनच्या सैनिकांची संख्या : डीसीसीसीएलव्ही, म्हणजे 855. आक्विंकमच्या (आजचे बूडापेस्ट) तळावरून आलेल्या या माणसांची मोजदाद आजही वाचता येते. शेवटच्या ओळींतील सेनापतीचे नाव मात्र झिजले होते व त्याचे वाचन वेगवेगळे होई. विसाव्या शतकाच्या मध्यास अल्जीरियातील झाना येथे मार्कस व्हालेरिअस माक्सिमिआनसच्या कारकिर्दीचा लेख उजेडात आला. लाउगारिकिओत हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांचा तो प्रमुख होता आणि नारिस्ती टोळीचा नायक व्हालाओ याला त्याने स्वहस्ते ठार केले होते, असे त्यात आहे. एका खंडातील दगडाने दुसऱ्या खंडातील दगडाचे वाचन पुरे करावे, असे योग पुरालेखविद्येत विरळाच. 17 मार्च 180 रोजी मार्कस वारला. कॉमोडसने तह करून फौजा मागे घेतल्या. कड्याला लागून असलेल्या हॉटेलच्या काचेतून लेख पाहता येतो.

किल्ला मध्ययुगीन आहे. हंगेरीतील बलाढ्य सरदार माते चाक (मृ. 1321) याचा येथे अंमल होता. 1335 मध्ये पोलंड व बोहीमिया यांच्यातील सायलीशियाविषयीच्या वाटाघाटी येथे झाल्या. 1412 मध्ये शहरास स्वतंत्र राजनगराचा दर्जा मिळाला. 1790 च्या आगीत किल्ल्याची मोठी हानी झाली. तेथील ‘प्रेमाची विहीर’ तुर्क ओमरने प्रेयसी फातिमासाठी खोदली, ही दंतकथा. खोदणारे प्रत्यक्षात शिबंदीतले सैनिक होते.

कापड व तयार कपडे हे जुने उद्योग. विमानदुरुस्तीचा कारखाना आहे.

विमानतळावर ‘पोहोदा’ संगीत महोत्सव भरतो. 2026 साठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून शहराची निवड झाली.