कॅथलिक विवाहसंस्कार, वसईतील

रोमन कॅथलिक पंथातील सात संस्कारांपैकी विवाह हा एक संस्कार. स्नानसंस्कार झालेले स्त्री-पुरुष परस्परांशी आजन्म एकनिष्ठ राहण्याचे वचन स्वेच्छेने देतात, तेव्हा हा संस्कार घडतो. लॅटिन परंपरेनुसार धर्मगुरू तो देत नाही. वधू व वर तो एकमेकांस देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारून तिचा स्वीकार करतो. संमती हा विवाहाचा गाभा असून प्रार्थना, अंगठ्या, मिस्सा व लोकाचार ही त्याची बाह्यांगे होत. गाभा आणि बाह्यांगे यांतील संबंध कसकसे बदलत गेले, हे वसई परिसरातील मराठीभाषक कॅथलिकांच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात साक्षीदारांवाचून, केवळ दोघांच्या वचनाने झालेला विवाहही चर्च वैध मानीत असे. अशा गुप्त विवाहांतून फसवणुकीचे व द्विभार्याप्रतिबंधाच्या भंगाचे प्रकार उद्‌भवत. त्यांना आळा घालण्यासाठी १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची पूर्वघोषणा सर्वत्र आवश्यक ठरविली. पुढे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये धर्मग्रामाचा धर्मगुरू व दोन किंवा तीन साक्षीदार यांची उपस्थिती वैधतेची अट म्हणून घातली. तसेच लागोपाठ तीन सणवारी घोषणा करण्याचा व विवाहाची नोंदवहीत नोंद ठेवण्याचा नियम केला. हे विधिनियम संमतीची जागा घेण्यासाठी नसून तिच्या रक्षणासाठी होते.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंनी तेथे धर्मग्रामे उभारली आणि कोळी, भंडारी, वाडवळ, सामवेदी इ. समाजांतील अनेक लोक ख्रिस्ती झाले. गोव्यात १५६७ मध्ये भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने ट्रेंटचे निर्णय पोर्तुगीज अंमलाखालील पूर्वेकडील प्रदेशात लागू करण्याचे कार्य हाती घेतले. चर्चमधील विधी रोमचा, तर घरचे लग्न गावचे, अशी दुहेरी व्यवस्था नवख्रिस्ती समाजांत रूढ झाली.

लोकाचारांविषयी चर्चचे धोरण : ही दुहेरी व्यवस्था इन्क्विझिशनला संशयास्पद वाटे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात लग्नातील ओव्या, देशी वाद्ये, वधूवरांस हळद लावणे, विडासुपारी देणे यांसारख्या अनेक चालींना बंदी केली. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात (१९६१) या फर्मानाची माहिती दिली आहे. वधूवरांच्या संमतीशी या चालींचा संबंध नव्हता. त्यांतून पूर्वधर्माची ओळख टिकून राहते, हा आक्षेप होता. वसईत मात्र तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या विजयामुळे पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. गोव्यातही या चाली समूळ नष्ट झाल्या नाहीत. वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी तेथे आजही होतो. मुंबई–वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या पूर्वसंध्येस स्त्रियांनी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल असून मांडव व तळलेले फुगे यांवाचून लग्नघर पुरे होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) चर्चची भूमिका मूलतः बदलली. उपासनाविधीविषयक १९६३ च्या संविधानाने विवाहातील प्रशंसनीय स्थानिक चालीरीती जतन कराव्यात, असे सांगितले. सुधारित विवाहविधी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅटिनच्या जागी मराठीतून मिस्सा होऊ लागला. भारतात अनेक ठिकाणी अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रासही आशीर्वाद देण्यात येतो. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला.

विवाहपूर्व तयारी : चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार विवाहास कोणताही प्रतिबंध नाही, याची खातरजमा आधी करावी लागते. वधूवर आपल्या स्नानसंस्काराचा अलीकडे काढलेला दाखला सादर करतात. पूर्वीच्या विवाहाची नोंद त्याच नोंदवहीत होत असल्यामुळे या दाखल्यास महत्त्व असते. धर्मगुरू दोघांची स्वतंत्रपणे विचारपूस करतो. दडपण, फसवणूक किंवा मुलांना कायमचे नाकारण्याचा हेतू यांपैकी काही असल्यास ते या वेळी उघड व्हावे, हा तीमागील उद्देश होय. त्यानंतर चर्चमध्ये घोषणा होते व आक्षेप मागविले जातात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये तयारीचे दूरची, निकटची व प्रत्यक्ष लग्नाआधीची असे तीन टप्पे सांगितले. पहिला बालपणी घरातच सुरू होतो. विवाहेच्छूंसाठीची मार्गदर्शन शिबिरे नंतरच्या टप्प्यांत येतात. जोडीदार ख्रिस्तेतर असल्यास धर्माधिकाऱ्याची विशेष सूट घ्यावी लागते.

दिवाणी कायदा : महाराष्ट्रातील ख्रिस्ती विवाहांस १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम लागू आहे. चर्चच्या दृष्टीने वैध विवाह अविच्छेद्य असतो. मात्र प्रारंभीच संमती सदोष होती, असे सिद्ध झाल्यास धर्मन्यायासन तो विवाह मुळातच झाला नव्हता, असा निर्णय देते. अशा निर्णयाने दिवाणी विवाहबंधन सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पुनर्विवाहेच्छू कॅथलिक व्यक्तीस दोन्ही न्यायासनांकडे जावे लागते. घटस्फोटाच्या १८६९ च्या अधिनियमात २००१ मध्ये दुरुस्ती होऊन स्त्री-पुरुषांस समान आधार मिळाले व परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद झाली. तत्पूर्वी पतीच्या केवळ व्यभिचाराच्या आधारे पत्नीस घटस्फोट मागता येत नसे. पतीस मात्र तेवढा आधार पुरे होता. संस्काराच्या दृष्टीने वचन देताना उभयतांचा दर्जा समान असला, तरी ते मोडल्यानंतर कायद्याने ही समानता मान्य करावयास १३२ वर्षे लागली.